पेशंटसोबत कोण आहे?

स्ट्रेचर कॅज्युअल्टीच्या दारातून आत गेलं आणि पाठोपाठ आतून आवाज आला, "पेशंटसोबत कोण आहे?" दादा गाडी लावायला गेला होता. मी पुण्याहून निघालो होतो, पण अजून शिरवळही ओलांडलं नव्हतं. वहिनी पुढे झाली आणि म्हणाली, "मी आहे." अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला त्या रात्रीची ही गोष्ट. केसपेपरवर तिचं नाव लिहिलं गेलं आणि ते उत्तर पुढची सहा वर्षं तिला निभवावं लागलं.

आपली सगळी आरोग्यव्यवस्था या एका प्रश्नावर उभी आहे, हे मला फार उशिरा कळलं. सोबतचं माणूस म्हणजे काय काय? मेडिकलमधून औषधं आणणारं, ब्लड बँकेत चिठ्ठी घेऊन धावणारं, एक्स-रेला नेताना स्ट्रेचर ढकलणारं, सलाईन संपत आली की सिस्टरना हाक मारणारं, भांडं देणारं, पुसून घेणारं आणि रात्री दोन खाटांच्या मधल्या फरशीवर चटई टाकून झोपणारं. सरकारी रुग्णालयात ही कामं नातेवाइकाकडून होणार हे न बोलता ठरलेलं असतं. खासगीत खोलीचं भाडं भरूनही त्यातली निम्मी आपल्यालाच करावी लागतात. २०२० मध्ये कोविड वॉर्डांची दारं नातेवाइकांना बंद झाली, तेव्हा हे सगळं एकदम उघडं पडलं. पाणी कोण पाजणार, पालथं झोपायला मदत कोण करणार, घाबरलेल्या माणसाचा हात कोण धरणार, या कामांसाठी तिथे कुणाची नेमणूकच नव्हती. वर्षानुवर्षं ती कामं आई, बायको, सून, मुलगी, एखादा मित्र करत आले होते आणि कुठल्याही हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं.

हा लेख त्या नाव नसलेल्या माणसांबद्दल आहे. घरचे आणि मित्र यांचा आधार ही आपल्याकडची सर्वांत मोठी सार्वजनिक सोय आहे, असं मी मानतो. रस्ते, पाणी, वीज यांच्याकडे जसं लक्ष द्यावं लागतं तसं तिच्याकडे द्यायला हवं. आपण मात्र तिला जिव्हाळ्याचा प्रश्न म्हणतो आणि घराच्या उंबऱ्याआत ढकलून देतो.

आपल्या समाजाला आधार देता येत नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं आमच्या भागात एखाद्या मयताच्या घरी जाऊन बघावं. माणूस गेल्याची बातमी वाडीत पोचते आणि कुणी न सांगता कामं वाटली जातात. एक जण लाकडं बघतो, एक जण पाहुण्यांना फोन लावतो, दोघं तिरडी बांधायला बसतात. त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारून आणि भावकीतून भाकरी-पिठलं येतं. त्याला कडू घास म्हणतात. ज्यांच्याशी बांधावरून वर्षानुवर्षं अबोला आहे तेसुद्धा खांदा द्यायला येतात. घरच्यांनी कुणाकडे काही मागायचं नसतं, आणि मला या रिवाजातलं सगळ्यात मोठं शहाणपण तेच वाटतं. लग्नाचंही तसंच. आहेर कुणी किती केला हे वहीत लिहून ठेवतात, कारण तो पुढे त्यांच्या कार्यात परत करायचा असतो. पहिलं बाळंतपण माहेरी, हाही आधाराचाच नियम: कुणी करायचं, कुठे करायचं, किती दिवस करायचं, सगळं आधी ठरलेलं.

शेतीतही तेच होतं. पैरा म्हणा, सावड म्हणा, आज तुमच्या रानात मी, उद्या माझ्या रानात तुम्ही. इर्जिक घातली की गावातली औतं एका रानात उतरायची, दिवसभरात नांगरट उरकायची आणि संध्याकाळी घरमालक सगळ्यांना जेवू घालायचा. शहरातले लोक या प्रथांकडे हळवेपणानं बघतात, 'पूर्वी माणसं किती निःस्वार्थी होती' म्हणतात. मला ते पटत नाही. सावडीत हिशेब चोख असायचा. दिवसाला दिवस, बैलजोडीला बैलजोडी. जो फेडत नसे त्याला पुढच्या वर्षी कुणी सावडीत घेत नसे. हिशेब होता म्हणून ती टिकली, आणि हिशेब होता म्हणून त्यातली माया कमी झाली असंही कुणी म्हटलं नाही.

पण या सगळ्या रिवाजांना एक मुदत आहे. मयताचे तेरा दिवस, बाळंतिणीचा सव्वा महिना, लग्नाचे आठ दिवस, नांगरटीचा एक दिवस. दीर्घ आजारासाठी आपल्याकडे रिवाजच नाही. असायचं कारणही फारसं नव्हतं. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरं, पण मोठ्या वयात झटका आला, मूत्रपिंड निकामी झालं, कर्करोग झाला, तर माणूस बहुधा काही दिवसांत किंवा महिन्यांत जायचा. आज आयुर्मान ७० च्या घरात आहे. औषधं आहेत, डायलिसिस आहे, नाकातून घालायची नळी आहे. माणूस वाचतो ही चांगलीच गोष्ट, पण वाचलेल्या माणसाला कुणीतरी रोज उठवावं, भरवावं, धुवावं लागतं, आणि ते पाच-दहा वर्षं चालतं. साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज मोठ्या पाहणीवरून काढला गेला आहे. स्मृतिभ्रंश बळावलेल्या माणसाला तर एक मिनिटही एकटं सोडता येत नाही. तेरा दिवसांसाठी घडवलेला आधार आपण दहा वर्षांना ताणतो आहोत. तो तुटतो तेव्हा 'नाती राहिली नाहीत' असं म्हणतो.

आमच्या घरात नाती होती. अण्णांना घरी आणलं त्या पहिल्या पंधरवड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गावातली, भावकीतली, अण्णांच्या नोकरीतली माणसं आली. प्रत्येकाच्या हातात नारळपाणी किंवा सफरचंदं. प्रत्येकाला वहिनीनं चहा केला. निघताना प्रत्येक जण म्हणाला, "काही लागलं तर सांगा, संकोच करू नका." ते मनापासून म्हणत होते, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. दुसऱ्या महिन्यात येणारे निम्मे झाले, सहाव्या महिन्यात दिवाळीपुरते उरले. आमची ताई कोल्हापूरहून महिन्याकाठी एकदा यायची. मी एक शनिवार सोडून पुढच्या शनिवारी पुण्याहून जायचो, अण्णांशेजारी दोन तास बसायचो, पैसे द्यायचो, डॉक्टरांशी फोनवर बोलायचो आणि रविवारी संध्याकाळी परत फिरायचो. निघताना मीही तेच म्हणायचो, "वहिनी, काही लागलं तर सांगा."

त्या वाक्याचा मी पुढे फार विचार केला. ते चांगलं वाक्य आहे, पण त्यात एक मोठं काम समोरच्यावर टाकलेलं असतं. काय लागतंय ते त्यानं ओळखायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, त्याची सोय बघायची, शब्द टाकायचा आणि नकार आला तर तो गिळायचा. जो माणूस रात्री तीनदा उठून थकलाय त्याच्याकडे एवढं बळ उरत नाही. शिवाय सून सासऱ्याबद्दल 'मला जमत नाही' असं म्हणू शकत नाही. ती म्हणाली तर तिच्याच माणसांत तिचं नाव खराब होतं. म्हणून सहा वर्षांतल्या पहिल्या साडेतीन वर्षांत वहिनीनं आम्हाला एकदाही काही सांगितलं नाही, आणि काही लागत नसावं असं आम्ही धरून चाललो. तिला मणक्याचा त्रास सुरू झाला होता, हे मला तिच्या भावाकडून कळलं.

मयताच्या घरी कुणी 'काही लागलं तर सांगा' म्हणत थांबत नाही, सरळ लाकडं फोडायला घेतो. दीर्घ आजाराच्या घरीही 'मंगळवारी रात्री मी झोपायला येतो' असं म्हणता येईल. 'गुरुवारचा डबा आमच्याकडून' म्हणता येईल. 'डायलिसिसला दर शनिवारी गाडी मी काढतो' म्हणता येईल. वार आणि काम ठरलं की मागण्याची लाज संपते. मला जे म्हणायचं आहे त्याचा गाभा हाच: मायेला पाळी लागते. पाळी न लावलेली माया एकाच माणसाच्या अंगावर साचते आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई असते.

यावर नेहमी ऐकू येणारं उत्तर म्हणजे एकत्र कुटुंब. पूर्वी घरात वीस माणसं होती, म्हाताऱ्यांचं कुणाला ओझं वाटत नव्हतं, आता सगळे फ्लॅटमध्ये गेले आणि हे झालं. एकत्र कुटुंबातलं माणूसबळ खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण त्या वीस माणसांतून अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं कोण करायचं, हे आपापल्या घरातल्या जुन्या बायकांना विचारून पाहावं. बहुधा एखादी विधवा आत्या, नाहीतर सर्वांत धाकटी सून. त्या आत्याला दुसरं कुठे जाता येत नव्हतं म्हणून ती करत होती. तिचं करणं आपण घराच्या संस्कारात जमा केलं, तिला मात्र कुणी विचारलं नाही. मला सावडीसारखी बरोबरीच्यांची पाळी हवी आहे, आणि एकत्र कुटुंबात ती फार थोड्या घरांत होती.

आकडे याला दुजोरा देतात. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ मध्ये लोक आपला वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातल्या कुणाची तरी काळजी घेत होत्या, पुरुषांपैकी २१.४ टक्के. काळजी घेणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटं जात होती, पुरुषाची ७४. यात मुलांना सांभाळणंही धरलेलं आहे, आणि स्वयंपाक, धुणं, झाडलोट यांचा वेळ वेगळा. आमच्या घरी चित्र याहून एकतर्फी होतं. दादा वाईट माणूस नाही. तो अण्णांना उचलून खुर्चीत बसवायचा, दाढी करायचा. पण लघवीची पिशवी रिकामी करणं, अंथरूण बदलणं, घास मऊ करून भरवणं ही 'बायकांची कामं' हे त्यानं मनात ठरवूनच ठेवलं होतं. आणि मी ते त्याला बदलायला सांगितलं नाही, कारण मग मलाही ती करावी लागली असती.

आता सरकार या सगळ्याकडे कसं बघतं? वृद्धांची देखभाल या विषयावर आपल्याकडे २००७ चा केंद्रीय कायदा आहे, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा. न सांभाळणाऱ्या मुलाविरुद्ध आई-वडील न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात, दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, आणि वृद्धाला टाकून देणाऱ्याला तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे केलेली मालमत्ता परत मिळवायची वाटही त्यात आहे. कायदा गरजेचा आहे. किती म्हाताऱ्यांना त्याचा हात मिळाला ते मी जवळून पाहिलं आहे. पण या कायद्याला दोनच प्रकारची मुलं दिसतात, सांभाळणारी आणि न सांभाळणारी. सांभाळताना मोडून पडलेलं मूल त्याला दिसत नाही. जो करत नाही त्याच्यासाठी दंड आहे, जो करतो त्याच्यासाठी एक दिवसाची विश्रांतीसुद्धा नाही.

महाराष्ट्रात निराधार वृद्धांसाठी जी पेन्शन आहे तिचं नाव श्रावणबाळ योजना. दरमहा १५०० रुपये मिळतात. ज्यांना ते मिळतात त्यांच्या औषधाला हातभार लागतो, म्हणून ते वाढावेत असंच मी म्हणेन. नाव मात्र मला नेहमी अडखळवतं. कावडीत आई-वडिलांना घेऊन निघालेला श्रावण आपण लहानपणी ऐकला, त्याच्या भक्तीनं भारावलो, आणि खांदा बदलायला दुसरं कुणी का नव्हतं हा प्रश्न कधी विचारला नाही. आपल्या धोरणातही अजून तोच एकटा श्रावण आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत स्त्रियांना आणि एकल पुरुषांना मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण सेवेत ७३० दिवसांची रजा मिळते, जी फार झगडून मिळालेली चांगली सोय आहे. आई-वडिलांसाठी तशी वेगळी रजा नाही. खासगी नोकरीत तर माणूस आधी शिल्लक रजा संपवतो, मग बिनपगारी घेतो, मग नोकरी सोडतो. असंघटित कामगाराला पहिल्या दिवसापासूनच मजुरी सोडावी लागते.

मी अशक्य काही मागत नाही, हे दाखवायला परदेशात जायची गरज नाही. केरळात कोळिकोड वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी वेदनाशामक उपचारांची एक छोटी संस्था सुरू केली. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांना वेदना कमी करणारं औषध मिळावं, एवढाच हेतू होता. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टर आठवड्यातून एकदा पोचला तरी उरलेले सहा दिवस घर एकटंच असतं. म्हणून त्यांनी शेजाऱ्यांना तयार केलं. शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी, निवृत्त माणसं आठवड्यातले काही तास देऊ लागली. जखम कशी धुवायची, कूस कशी बदलायची, घरच्यांशी कसं बोलायचं, याचं त्यांना शिक्षण मिळालं. गावागावांत त्यांचे गट झाले, सोबत प्रशिक्षित परिचारिका घरी येऊ लागली. २००८ मध्ये केरळ सरकारनं त्यासाठी धोरण केलं आणि काम पंचायतींपर्यंत नेलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्याला दरमहा ६०० रुपये देणारी 'आश्वासकिरणम्' नावाची योजनाही तिथे आहे. रक्कम लहान आहे आणि ती वेळेवर मिळत नसल्याच्या तक्रारी येतात. तरी सरकारी कागदावर 'काळजी घेणारी व्यक्ती' हा शब्द आला, ही मला मोठी गोष्ट वाटते. कागदावर आल्याशिवाय भांडता तरी कसं येणार?

मला या कामात सावड दिसते. घरच्यांना बाजूला न सारता त्यांच्याभोवती माणसांचं कडं उभं करायचं आणि त्या कड्याला सरकारनं औषध, परिचारिका, थोडा पैसा पुरवायचा. दोन्ही हात लागतात. नुसत्या शेजाऱ्यांना जखमेत जंतू झालेले ओळखता येत नाहीत, आणि नुसती परिचारिका रात्री दोन वाजता येत नाही.

महाराष्ट्राला तर याची स्वतःची परंपरा आहे. गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, आणि दादरला त्यांच्या मिशनची धर्मशाळा आजही परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांना आणि त्यांच्यासोबत आलेल्यांना आसरा देते. परळलाच नाना पालकर स्मृती समिती तेच काम करते. टाटा रुग्णालय १९४१ पासून चालू आहे, देशभरातून माणसं येतात, आणि आलेला प्रत्येक पेशंट सोबत एक-दोन माणसं घेऊन येतो. त्या माणसांनी कुठे झोपायचं, काय खायचं, हा प्रश्न उपचारांइतकाच मोठा आहे, हे या संस्था चालवणाऱ्यांना समजलं. पण हे सगळं दानावर चालतं. जिल्हा रुग्णालय बांधताना नकाशात पार्किंग असतं, मेडिकलचं दुकान असतं. सोबतच्या माणसाला पाठ टेकायची जागा आणि अंघोळीची सोय बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून जिन्याखाली संसार मांडलेले दिसतात.

सगळ्यात स्वस्त सुधारणा मात्र वेगळीच आहे, आणि ती झाली असती तर आमच्या अण्णांचे हाल बरेच कमी झाले असते. डिस्चार्जच्या दिवशी बिल तयार होईपर्यंत आम्ही चार तास बसून होतो. त्या चार तासांत कुणीतरी वहिनीला दाखवायला हवं होतं की दर दोन तासांनी कूस बदलायची, बदलताना ओढायचं नाही तर चादरीसकट वळवायचं, भरवताना डोकं वर हवं, घास घशात अडकला तर काय करायचं, नळीतून पाणी किती वेगानं सोडायचं. हातात औषधांची यादी आणि पुढच्या तपासणीची तारीख मिळाली, बाकी काही नाही. दुसऱ्या महिन्यात अण्णांच्या माकडहाडाजवळ जखम झाली. ती भरायला पाच महिने लागले. ज्या रात्री ती जखम पहिल्यांदा दिसली त्या रात्री वहिनी स्वतःला दोष देत रडली. तिला कुणी शिकवलंच नव्हतं. नूरा हेल्थसारख्या संस्था काही राज्यांच्या सरकारी रुग्णालयांत घरच्या माणसांना वॉर्डातच असं शिक्षण देतात. त्याला यंत्रं लागत नाहीत, इमारत लागत नाही. एक परिचारिका, अर्धा तास आणि घरच्यांच्या हातात देता येईल असा मराठीतला एक कागद. हे प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक का असू नये?

काही जण म्हणतात, काळजीला पैसे आणि रजा लावलीत की मायेचा बाजार होईल, मुलं भत्त्यासाठी आई-बापाला सांभाळतील. या आक्षेपामागची भीती मला समजते. पण बाजार तर झालेलाच आहे. शहरात ज्याला परवडतं तो ब्युरोतून चोवीस तासांच्या मावशी ठेवतो. आम्हीही शेवटच्या दोन वर्षांत ठेवल्या. दुसऱ्या जिल्ह्यातून आल्या होत्या, अण्णांना त्यांनी स्वतःच्या बापासारखं जपलं. त्यांच्या गावी त्यांची सासू आजारी होती. तिच्याकडे कोण बघतं असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "मुलगी बघते. दहावीला बसायची होती, राहिली यंदा." आमच्या घरातली पाळी शेवटी त्या मुलीवर जाऊन थांबली होती. काळजीचा खर्च कुणीतरी भरतंच, आणि आज तो सर्वांत गरीब घरातली मुलगी भरते आहे. जर्मनीत १९९५ पासून काळजीसाठी सार्वजनिक विमा आहे. घरच्या माणसाची काळजी घेणाऱ्याच्या पेन्शनचा हप्ता तो विमा भरतो आणि वर्षातले काही आठवडे त्याच्या जागी दुसरं माणूस ठेवायचा खर्चही देतो. जपानमध्ये घरच्या आजाऱ्यासाठी कायद्यानं ९३ दिवसांची रजा आहे. तिथली मुलं आई-बापावर भत्त्यापुरतं प्रेम करतात, असं म्हणायला मी धजणार नाही. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, हे मान्य. पण तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस आजाऱ्याला सांभाळणारं एक केंद्र, वर्षाला पंधरा दिवसांची काळजी-रजा आणि मोलमजुरी करणाऱ्यासाठी तेवढ्या दिवसांची भरपाई, इथून सुरुवात करायला आपण गरीब नाही.

आणि सरकार करेपर्यंत आपण हात बांधून बसायचं असंही नाही. चौथ्या वर्षी वहिनीच्या भावानं आम्हा तिघा भावंडांना समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "माझी बहीण मरेल." त्या रात्री आम्ही स्वयंपाकघराच्या दारावरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाळ्या लिहिल्या. महिन्यातला पहिला आठवडा ताईचा. दर शनिवार-रविवार रात्रीसकट माझे. रोजची सकाळची सगळी स्वच्छता दादाची, त्यातून सुटका नाही. शेजारच्या दोन घरांनी, आम्ही कॅलेंडर दाखवल्यावर, स्वतःहून मंगळवार आणि शुक्रवारची दुपार घेतली. साडेतीन वर्षं 'काही लागलं तर सांगा' म्हणणारी हीच माणसं होती. वार दिसल्यावर त्यांना नेमकं काय करायचं ते कळलं. पहिल्यांदा पिशवी रिकामी करताना माझा हात थरथरत होता आणि अण्णांनी मान भिंतीकडे वळवली होती. तिसऱ्या रविवारी ते माझ्याकडे बघून डाव्या बाजूनं हसले.

वहिनी त्या महिन्यात चार दिवस माहेरी गेली, लग्नानंतर पहिल्यांदा सणाशिवाय. पहिल्या रात्री दोन वाजता तिचा फोन आला, "भावजी, मामांची कूस बदलली का?" मी झोपलो होतो. उठून बदलली.

अण्णा गेले त्याला आता तीन वर्षं झाली. मला शासनाकडे मागायच्या गोष्टींची यादी मोठी आहे, पण एक गोष्ट उद्या सकाळी करता येण्याजोगी आहे. केसपेपरवर 'सोबतच्या नातेवाइकाचं नाव' अशी एकच ओळ असते. तिथे दोन ओळी छापाव्यात, आणि दुसरं नाव लिहिल्याशिवाय कागद पुढे सरकू नये. आमच्या घरात त्या दुसऱ्या ओळीत माझं नाव यायला साडेतीन वर्षं लागली.